अजय–अतुल यांचे नृत्यगीत : ठेका आणि बोली

नृत्यगीताचा विचार आपल्या समीक्षेत क्वचितच गांभीर्याने होतो. भावगीतास काव्याचा आधार असतो, अभंगास भक्तीचा, लावणीस शाहिरी परंपरेचा. परंतु वरातीत, जत्रेत वा विसर्जनाच्या मिरवणुकीत ज्या गीतावर माणसे बेभान होऊन नाचतात, त्याची बोळवण ‘करमणूक’ या एका शब्दात केली जाते. प्रस्तुत टिपणात अजय आणि अतुल गोगावले या बंधुद्वयाच्या नृत्यगीतांचा विचार करावयाचा आहे. त्यांची पकड कशात आहे, असे विचारले असता ‘ठेक्यात’ असे उत्तर बहुधा मिळते. हे उत्तर खोटे नाही. पण ते अपुरे आहे, आणि त्याचे अपुरेपण खुद्द त्यांच्याच गीतांवरून सिद्ध करता येते.

अतुल यांचा जन्म १९७४ चा, अजय यांचा १९७६ चा. वडील महसूल खात्यात असल्याने बदल्यांमुळे दोघांचे बालपण शिरूर, जुन्नर, राजगुरुनगर अशा पुणे जिल्ह्यातील गावांत गेले. घराण्याची तालीम नाही, संगीताचे रीतसर शिक्षण नाही. कानांवर पडेल ते साठवावे आणि जमेल तसे वाजवावे, हीच त्यांची शाळा. ‘सावरखेड : एक गाव’ (२००४) या चित्रपटातील गोंधळाने त्यांची वाट स्पष्ट झाली. पुढे ‘जोगवा’ या चित्रपटासाठी त्यांना संगीत-दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ‘नटरंग’ (२०१०), ‘अग्निपथ’ (२०१२) आणि ‘सैराट’ (२०१६) हे त्या वाटेवरील पुढील टप्पे होत.

या वाटेचे मूळ नांदेड-लातूरच्या वाचकास निराळे सांगावयास नको. माहूरच्या रेणुकेचा गोंधळ, माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेतील वाघ्या-मुरळी, गावोगावची हलगी हे सारे आपल्या परिसरात आजही नांदते आहे. गोंधळ हा मुळात विधी आहे. संबळ आणि तुणतुण्याच्या साथीने दैवतांना नावे घेऊन आवाहन करावयाचे, आणि कुळाचा नवस वा कुळाचार फेडावयाचा, हे त्याचे प्रयोजन. चित्रपटात हे प्रयोजन गळून पडते. उरतो तो नाद. म्हणून ‘हे लोकसंगीत नव्हे, त्याचा देखावा होय’, असा आक्षेप घेता येईल. आक्षेपात तथ्य आहे. तथापि या बंधूंच्या उत्तम रचनांत नादाबरोबर आणखी एक गोष्ट टिकून राहते : शब्द उच्चारण्याची रीत. गोंधळ्याची हाक आणि ठसक्याने तोडलेले अक्षर ही बोलीची वळणे चालीत मुरलेली असतात. ठेका त्या वळणांना धरून चालतो, त्यांवर स्वार होत नाही.

याचा पडताळा पाहण्यास एक सोयीचे उदाहरण आहे. ‘जत्रा’ या मराठी चित्रपटातील ‘कोंबडी पळाली’ हे गीत आनंद शिंदे व वैशाली सामंत यांनी गायिले. आनंद शिंदे हे प्रल्हाद शिंदे यांचे पुत्र. भीमगीते, भक्तिगीते आणि कव्वालीच्या फडातून घडलेला तो घराण्याचा गळा मोकळ्या मैदानावर, हजारोंच्या जमावापुढे कसाला लागलेला आहे. हीच चाल ‘अग्निपथ’मध्ये ‘चिकनी चमेली’ झाली, आणि श्रेया घोषाल यांच्या स्वरात देशभर गाजली. गायन निर्दोष आहे, वाद्यमेळ अधिक भरजरी आहे, ठेका तोच आहे. मूळ गीतात मात्र पुरुष-स्त्रीचा जो सवाल-जवाबासारखा खट्याळपणा होता, तो नव्या गीतात नाही. मैदानी गळ्याची धारही नाही. जत्रेतील गीत रंगमंचावरील गीत झाले. ठेक्यातच सर्व सामर्थ्य असते, तर हा पालट झाला नसता.

दुसरा दाखला ‘झिंगाट’चा. ‘सैराट’मध्ये ते दोघा बंधूंनीच गायिले आहे. २०१८ मध्ये ‘धडक’ या हिंदी चित्रपटात तीच चाल, तेच गायक, केवळ भाषा बदलली. बदललेली भाषा सफाईदार असली, तरी तिला गाव नाही. ‘सैराट’, ‘याड’, ‘झिंगाट’ हे शब्द करमाळ्याकडच्या आणि तिला लागून असलेल्या आपल्या मराठवाड्याच्या बोलण्यातले. पाठ्यपुस्तकात ज्यांना जागा नव्हती, ते शब्द गीतांची शीर्षके झाले. याउलट लातूरचे भूमिपुत्र रितेश देशमुख यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘वेड’ (२०२२) या चित्रपटाचे संगीत याच बंधूंचे आहे. तेथे ‘याड’चे प्रमाणरूप ‘वेड’ आले. गीत लोकप्रियही झाले. पण एकाच शब्दाची ही दोन रूपे शेजारी ठेवून ऐकावीत, म्हणजे पहिल्यातील ‘या’ चालीला जो हेलकावा देतो तो दुसऱ्यात का येत नाही, हे कानांस आपोआप कळते.

मात्र ‘झिंगाट’चे खरे मोल त्याच्या स्थानावरून ठरते. हे नृत्य पाटलाच्या घरच्या समारंभात घडते. मासेमारी करणाऱ्या कुटुंबातला परशा आणि पाटलाची आर्ची एकाच ठेक्यावर नाचतात. क्षणभर अंगणात वरचे-खालचे कोणी उरत नाही. त्याच रात्री त्यांचे प्रेम उघडकीस येते आणि मारहाणीस आरंभ होतो. पुढे दोघे हैदराबादेस पळतात, संसार थाटतात. आणि शेवटच्या दृश्यात तर ध्वनीच काढून घेतलेला आहे. ज्या चित्रपटाने महाराष्ट्रास नाचविले, तो निःशब्दतेत संपतो. नृत्याने दिलेले समतेचे आश्वासन जातीच्या उंबरठ्यावर कसे मोडते, हे संगीताच्या उपस्थितीइतकेच त्याच्या अनुपस्थितीने सांगितले आहे. वरातीत ‘झिंगाट’ वाजवून तो शेवट विसरणारे आपण श्रोते या दोषातून मुक्त नाही.

या बंधूंच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. ‘सैराट’साठी त्यांनी लॉस एंजेलिस येथे पाश्चात्त्य वाद्यवृंदाचे ध्वनिमुद्रण केले. ‘याड लागलं’मध्ये त्या तंतुवाद्यांनी खेड्यातील पोराच्या प्रेमास महाकाव्याची प्रतिष्ठा दिली, हे निःसंशय, पण इतरत्र हाच विस्तार कधी कधी भाराभर होतो आणि संबळ केवळ सजावटीपुरता उरतो. अनुकरण करणाऱ्यांनी तर ठेका तेवढा उचलला आणि बोली मागे टाकली. म्हणून त्यांची गीते एका हंगामापलीकडे टिकत नाहीत.

निष्कर्ष असा की, नृत्यगीत पायांना हलविते ते ठेक्याने, पण माणसाला आपले वाटते ते बोलीने. आपल्या वर्गांतून ‘याड’ म्हणणाऱ्या विद्यार्थ्यास अद्याप कधी कधी ओशाळे व्हावे लागते. त्याच शब्दाने वर्गाबाहेर साऱ्या महाराष्ट्राला डोलविले, याची दखल मराठीच्या अभ्यासकांनी घ्यावी. आणि माहूर-माळेगावच्या संबळवाल्यांकडे, त्यांच्या नावांसह, आता तरी वही घेऊन जावे.