पडीक जमिनींचा नकाशासंग्रह : एक परीक्षण

केंद्र सरकारच्या भूसंसाधन विभागानें हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राच्या साहाय्यानें तयार केलेला भारतांतील पडीक जमिनींचा नकाशासंग्रह २०१९ सालीं प्रसिद्ध झाला. सरकारी ग्रंथाचें परीक्षण वाङ्मयीन मासिकांत कशाला, असें कोणी विचारील. परंतु ज्या ग्रंथांतील एका शब्दावर कोट्यवधि एकरांचें भवितव्य अवलंबून राहतें, त्याची भाषा तपासणें हें टीकाकाराचें कर्तव्यच होय.

ग्रंथाचे गुण प्रथम सांगणें न्याय्य आहे. उपग्रहचित्रांवरून केलेली मोजणी परिश्रमपूर्वक झाली आहे, आणि पूर्वीच्या आवृत्त्यांशीं तिची तुलनाहि करतां येते. २०१५-१६ सालच्या पाहणीनुसार सुमारें ५.५७ कोटी हेक्टर, म्हणजे देशाची जवळजवळ १७ टक्के भूमि, पडीक ठरली. आमचा आक्षेप वर्गीकरणावर आहे. खाणींतील टाकाऊ मातीचे ढीग, क्षारानें करपलेली जमीन, उघडा खडक आणि झुडपांचा माळ हीं सर्व एकाच नांवाखालीं बसविलीं आहेत.

शिरूर तालुक्यांतील पाबळच्या बाजूचे माळ ज्यांनीं पाहिले असतील त्यांस यांतील विसंगति तत्काळ उमजेल. हा पर्जन्यछायेचा मुलूख. अशा माळांवर कुसळी, पवना, मारवेल हीं गवतें वाढतात. मेंढपाळांचे कळप त्यांवर जगतात. लांडगा, खोकड, धाविक पक्षी यांचें घर तेंच. खालीं काळा कातळ असल्यामुळें पाणी सांठतें तें वरच्या मुरमांत व कातळाच्या भेगांत. गवत पावसाचें वाहतें पाणी अडवून त्यास मुरावयास अवधि देतें. पाबळ येथेंच डॉ. श्रीनाथ कलबाग यांनीं १९८३ सालीं विज्ञान आश्रम स्थापिला व खेड्यांतील मुलांस भूगर्भांतील पाण्याचा शोध घेण्याची विद्या शिकविली. त्या मुलांस जें कळतें तें या ग्रंथाच्या सदरांत कोठेंहि उमटलेलें नाहीं.

शब्दाचा परिणाम व्यवहारांत दिसतो. जमीन पडीक म्हटली कीं ती नांगरणें, तीवर कारखाना उभारणें, तींत बोअर घेणें हें सर्व सुधारणा ठरतें. राज्याच्या २००९ सालच्या भूजल कायद्यांत साठ मीटरांहून खोल विहिरींवर निर्बंध आहे. परंतु उपशावर अंकुश ठेवून पाणी मुरण्याची जागाच मोडूं दिली, तर त्या निर्बंधाचा अर्धा लाभ वायां जाईल.

याउलट चांगल्या नांवानें काय साधतें तेंहि पाहावें. कॅलिफोर्नियांतील कॅरिझोचें गवताळ मैदान २००१ सालीं राष्ट्रीय स्मारक ठरलें. पुढें २०१८ सालीं तेथें नव्या तेलविहिरीस मंजुरी मिळाली, तेव्हां विरोधकांस दाद मागण्यास त्या नांवाचा आधार होता. आपल्याकडे बारामती तालुक्यांतील सुपें येथें चिंकारांसाठीं १९९७ सालीं मयूरेश्वर अभयारण्य झालें, पण त्याचें क्षेत्र अवघें पांच चौरस किलोमीटरांच्या आसपास आहे. त्याच्या कुंपणाबाहेरील माळास असा कोणताच आधार नाहीं. तेथें बोअरचें यंत्र येऊन उभें राहिलें तर त्यास अडविणाऱ्यानें कोणत्या नांवाचा आश्रय घ्यावा?

पुढील आवृत्तींत संपादकांनीं ‘गवताळ माळ’ हें स्वतंत्र सदर करावें, तें पडीक या सदरांतून वगळावें, आणि प्रत्येक माळ किती विहिरींस पाणी पुरवितो तें शक्य तेथें नोंदवावें, अशी आमची सूचना आहे. मोजणी करणाऱ्यांस हें अवघड नाहीं.