एकच देह, दोन आज्ञा : रुग्णवाहिका-प्रशिक्षणातील ‘स्टार्ट’ तक्त्याचे संहिता म्हणून वाचन

प्रास्ताविक

रुग्णवाहिकेवर काम करू पाहणाऱ्या प्रशिक्षणार्थीला अभ्यासक्रमाच्या आरंभीच जी सूत्रे शिकविली जातात, त्यांत श्वासाचे सूत्र अग्रभागी असते. निपचित पडलेल्या माणसाचा श्वास चालत नसेल तर विलंब न लावता त्याला पुनरुज्जीवित करण्याचे उपचार सुरू करावेत, असे हे सूत्र सांगते. त्याच अभ्यासक्रमात पुढे ‘सामूहिक अपघात’ हे प्रकरण येते. श्वास चालत नसलेल्या जखमीचा श्वासमार्ग एकदा मोकळा करून पाहावा आणि तरीही श्वास आला नाही तर काळी चिठ्ठी लावून पुढच्या जखमीकडे जावे, असे हे प्रकरण सांगते. देह तोच, लक्षण तेच आणि वाचणाराही तोच. आज्ञा मात्र परस्परविरुद्ध. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या आज्ञेचा सर्वाधिक परिचित नमुना म्हणजे ‘स्टार्ट’ हा तक्ता संहिता म्हणून वाचण्याचा प्रयत्न केला आहे. त्याच्या उपचारमूल्याचा निवाडा वैद्यकशास्त्राने करावयाचा आहे. येथे विचार आहे तो त्याच्या भाषेचा, आणि त्या भाषेने प्रशिक्षणार्थीवर टाकलेल्या व न टाकलेल्या निर्णयांचा.

एकवचनी आज्ञा

पहिल्या आज्ञेला इतिहास आहे. पीटर सफार या भूलतज्ज्ञाने १९५० च्या दशकात तोंडाने तोंडात श्वास देण्याच्या पद्धतीवर प्रयोग केले. १९६० मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स येथील कौवेनहोवेन, ज्यूड आणि निकरबॉकर यांनी छाती न उघडता बाहेरून दाब देऊन हृदयक्रिया चालू ठेवता येते, हे दाखवून दिले. या दोहोंच्या संयोगातून श्वासमार्ग, श्वास व रक्ताभिसरण ही त्रिसूत्री रूढ झाली. तिचा क्रम २०१० मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने बदलला आणि प्रौढांसाठी छातीवरील दाबाला प्रथम स्थान दिले. क्रम बदलला तरी आज्ञेचे स्वरूप कायम राहिले.

सफार यांनीच पुढे पिट्सबर्ग येथे ‘फ्रीडम हाउस’ या रुग्णवाहिका सेवेच्या प्रशिक्षणाची आखणी केली. १९६७ मध्ये स्थापन झालेल्या या सेवेत हिल डिस्ट्रिक्ट या कृष्णवर्णीय वस्तीतील, बहुतांशी बेरोजगार असलेल्या तरुणांना दीर्घ प्रशिक्षण देण्यात आले. तत्पूर्वी त्या शहरात आजारी माणसाला नेण्याचे काम पोलिसांची गाडी करीत असे, आणि त्या गाडीत मागे रुग्णाजवळ बसून उपचार करणारे कोणी नसे. सफार यांची मुलगी १९६६ मध्ये दम्याच्या झटक्याने दगावली होती, ही गोष्ट या उपक्रमाच्या संदर्भात नेहमी सांगितली जाते. १९७५ मध्ये शहराने स्वतःची सेवा सुरू केल्यावर ‘फ्रीडम हाउस’ बंद पडले. परंतु तेथे अखेरच्या काळात वैद्यकीय संचालक असलेल्या डॉ. नॅन्सी कॅरोलाइन यांचा ‘इमर्जन्सी केअर इन द स्ट्रीट्स’ हा ग्रंथ १९७९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि पॅरामेडिकच्या अनेक पिढ्या त्याच्या उत्तरोत्तर आवृत्त्यांवर शिकल्या.

या परंपरेतील संहितेचे व्याकरण एकवचनी आहे, ही बाब लक्षणीय ठरते. तीत ‘रुग्ण’ एक असतो आणि त्याच्याजवळ गुडघे टेकून बसलेला मदतनीसही बहुधा एकच असतो. वाक्ये आज्ञार्थी असतात. परंतु त्या आज्ञेमागे अमुक एका माणसासाठी सर्व काही करावयाचे आहे, हे गृहीत असते. ‘फ्रीडम हाउस’च्या तरुणांना समाजात जी प्रतिष्ठा लाभली ती याच एकवचनाने मिळवून दिली, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

अनेकवचनी तक्ता

‘ट्रायाज’ हा शब्द ‘निवडणे, वेगळे करणे’ या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदापासून आला आहे. नेपोलियनच्या सैन्यातील शल्यचिकित्सक लॅरे यांनी जखमींची निवड हुद्द्यावरून न करता जखमेच्या गांभीर्यावरून करण्याचा पायंडा पाडला, असे मानले जाते. मराठीत यासाठी ‘वर्गवारी’ हा शब्द वापरतात. तो कार्यालयीन आहे. त्यापेक्षा घरातले ‘निवडणे’ व ‘पाखडणे’ हे शब्द अधिक नेमके काही सांगून जातात. तांदूळ निवडताना खडा बाहेर जातो आणि तांदूळ राहतो. पाखडताना फोलपट उडून जाते. दोन्ही क्रियांत काय टाकायचे हे आधीच ठरलेले असते. ट्रायाजमध्ये टाकला जाणारा दाणाही दाणाच असतो. मराठीला यासाठी अजून शब्द सापडलेला नाही, याचे कारण कदाचित हेच असावे.

‘स्टार्ट’ हा तक्ता १९८३ मध्ये कॅलिफोर्नियातील न्यूपोर्ट बीच येथे होग रुग्णालय व तेथील अग्निशमन विभाग यांनी मिळून तयार केला. ‘सिंपल ट्रायाज अँड रॅपिड ट्रीटमेंट’ या नावाचे ते संक्षिप्त रूप होय. आरंभी मोठ्याने हाक देऊन ज्यांना चालता येते त्यांना एका बाजूस बोलवावयाचे. त्यांना हिरवी चिठ्ठी. उरलेल्यांपैकी प्रत्येकाजवळ अर्धा ते एक मिनिट थांबावयाचे. श्वास नसेल तर श्वासमार्ग मोकळा करावयाचा. श्वास आला तर लाल, न आला तर काळी. श्वास मिनिटाला तीसपेक्षा जास्त असेल तर लाल. नखावर दाब देऊन सोडल्यावर रंग परत येण्यास दोन सेकंदांहून अधिक वेळ लागला तर लाल. साधी सूचना पाळता आली नाही तर लाल. या सर्वांतून जो पार पडतो त्याला पिवळी. अंधारात आणि थंडीत नखाच्या रंगावर विसंबता येत नाही, म्हणून १९९० च्या दशकात त्याऐवजी मनगटाची नाडी पाहण्याची सुधारणा पुढे आली. पाठांतरासाठी हे सारे ‘तीस, दोन, करू शकतो’ अशा त्रिपदीत बसविलेले आहे.

या तक्त्याचे नावच प्रथम तपासून पाहण्यासारखे आहे. त्यात ‘जलद उपचार’ हे शब्द आहेत. आत मात्र श्वासमार्ग मोकळा करणे, मोठा रक्तस्राव दाबून धरणे आणि पाय उंच ठेवणे यांपलीकडे उपचार नाहीत. किंबहुना उपचारांना मनाई हेच त्याचे बळ आहे. एका जखमीत गुंतून पडलेला मदतनीस उरलेल्या वीस जणांना मुकतो, हे या तक्त्याच्या कर्त्यांनी ओळखले, आणि वेळेची मर्यादा घालून त्यांनी प्रशिक्षणार्थीला एका मोठ्या मोहातून सोडविले. हे श्रेय नाकारता येत नाही. परंतु मनाईला ‘उपचार’ म्हटल्यामुळे ती मनाई पाळणाऱ्याला आपण नेमके काय करीत आहोत हे कळेनासे होते. ‘चिठ्ठी लावणे’ हे क्रियापद येथे ‘सोडून जाणे’ या क्रियापदाच्या जागी आलेले आहे.

दुसरा मुद्दा ‘करू शकतो’ या पदाचा. सूचना पाळणे हा मेंदू शाबूत असल्याचा पुरावा मानला आहे. सूचना कोणत्या भाषेत, याविषयी तक्ता मौन पाळतो. बहिरा माणूस, सूचना देणाऱ्याची भाषा न समजणारा परप्रांतीय मजूर आणि डोक्याला गंभीर मार लागलेला जखमी हे तिघेही या कसोटीवर एकाच रंगात जमा होऊ शकतात. आरंभीच्या हाकेचेही तसेच. चालता येत असूनही अडकलेल्या मुलाजवळून न हलणारी आई हाकेला उत्तर देत नाही. उलट बेशुद्ध मूल खांद्यावर घेऊन चालत आलेला बाप त्या मुलाला हिरव्या चिठ्ठीच्या गर्दीत घेऊन येतो. भाषा शिकविणाऱ्यांना हे दोष चटकन दिसतात. तक्ता घोकणाऱ्या प्रशिक्षणार्थीला ते दाखवून द्यावे लागतात.

उंबरठा

तथापि तक्त्याची खरी मर्यादा याहून वेगळ्या ठिकाणी आहे. तक्ता सुरू होतो तो अपघात ‘सामूहिक’ ठरल्यानंतर. तो तसा ठरवावयाचा कोणी आणि कशावरून? रूढ व्याख्या अशी की, उपलब्ध साधनांपेक्षा गरज जास्त झाली म्हणजे अपघात सामूहिक होतो. ही व्याख्या संख्या देत नाही, गुणोत्तर देते. शहरातील मोठ्या रुग्णालयाच्या दारात पाच जखमी ही नित्याची बाब असू शकते. घाटातल्या वळणावर एकच रुग्णवाहिका आणि दोन अत्यवस्थ जखमी असले की व्याख्या पूर्ण होते. म्हणजे प्रशिक्षणार्थीचा पहिला निर्णय रंगाचा नसतो. आपल्या वहीतील दोन आज्ञांपैकी आज कोणती लागू आहे, हा तो निर्णय होय. या उंबरठ्यावर दोन्ही संहिता गप्प आहेत.

उंबरठ्यावरच्या या संकोचाच्या खुणा पुढील तक्त्यांत आढळतात. १९९५ मध्ये डॉ. लू रोमिग यांनी मुलांसाठी ‘जंपस्टार्ट’ तयार केला. त्यात श्वास नसलेल्या मुलाची नाडी पाहावयाची असते आणि नाडी लागत असेल तर पाच कृत्रिम श्वास द्यावयाचे असतात. त्यानंतरही श्वास सुरू झाला नाही तर काळी चिठ्ठी. मुलांमध्ये बहुधा आधी श्वास थांबतो आणि मग हृदय, हे त्यामागील शरीरशास्त्रीय कारण आहे आणि ते योग्यच आहे. परंतु संहिता म्हणून पाहिले तर हे पाच श्वास पहिल्या आज्ञेने दुसऱ्या आज्ञेच्या प्रदेशात मिळविलेली सवलत आहेत. वीज पडून अनेक जण जखमी झाले असतील तर तक्ता उलटाच करावा लागतो. अशा वेळी हृदय पुन्हा सुरू होऊनही श्वास थांबलेलाच राहण्याची शक्यता असते, म्हणून मृतवत दिसणाऱ्यांकडे प्रथम जावे, असे प्रशिक्षणात सांगितले जाते. एरवी ज्याला काळी चिठ्ठी मिळाली असती तो येथे रांगेत पहिला येतो.

२००८ मध्ये पुढे आलेल्या ‘सॉल्ट’ पद्धतीने ‘मृत’ आणि ‘वाचण्याची आशा नसलेला’ असे दोन वर्ग वेगळे केले आणि दुसऱ्यासाठी करडा रंग योजला. त्या वर्गात टाकताना सध्याच्या साधनांत हा वाचेल काय, असा प्रश्न विचारावा लागतो. येथे प्रथमच परिस्थिती तक्त्याच्या आत आली. प्रश्न अवघड झाला, पण प्रामाणिकही झाला. ब्रिटनमध्ये २०२३ मध्ये स्वीकारलेल्या ‘दहा सेकंदांच्या ट्रायाज’मध्ये श्वास नसलेल्यासाठी ‘मृत’ हा शब्दच टाळून ‘श्वास नाही’ एवढीच नोंद ठेवली आहे. एका शब्दाचा हा बदल क्षुल्लक नव्हे. मदतनीस जे पाहतो तेवढेच लिहितो. मृत्यू जाहीर करण्याचा भार त्याच्यावरून उतरतो.

कॅलिफोर्नियातच २००२ मध्ये प्लासेन्शिया येथे झालेल्या रेल्वे अपघातातील १४८ जखमींच्या नोंदींचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. रुग्णालयातील परिणामांशी ताडून पाहता ७९ जखमींना गरजेपेक्षा वरच्या वर्गात घातले गेले होते, खालच्या वर्गात केवळ तिघांना. तक्ता सावधगिरीकडे झुकलेला आहे, हा एक अर्थ. परंतु लाल चिठ्ठी देताना मदतनीसाला जे बळ लागते त्यापेक्षा पिवळी देताना अधिक लागते, हाही अर्थ त्या आकड्यांत वाचता येतो.

मॅंचेस्टर येथे २२ मे २०१७ रोजी संगीत कार्यक्रमाच्या वेळी झालेल्या बॉम्बस्फोटात २२ जणांचा बळी गेला. त्याच्या सार्वजनिक चौकशीचा दुसरा खंड नोव्हेंबर २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. जखमी झाल्यापासून प्रत्यक्ष उपचार मिळेपर्यंतच्या पोकळीची त्यात सविस्तर चर्चा आहे. स्फोट झालेल्या दालनात बचावकार्याच्या काळात केवळ तीन पॅरामेडिक पोहोचले. वर्गवारी उत्तम झाली, तरी चिठ्ठी लावून पुढे गेलेल्याच्या मागोमाग उपचार करणारा दुसरा कोणी येणार आहे, हे गृहीत धरूनच तक्ता लिहिलेला असतो. मागून कोणी आले नाही तर लाल चिठ्ठी हे न पोहोचलेले पत्र होऊन राहते.

मुंबईचा अनुभव याहून निराळा आहे. ११ जुलै २००६ रोजी पश्चिम रेल्वेच्या गाड्यांत ११ मिनिटांत सात स्फोट झाले, तेव्हा रुळांलगतच्या वस्तीतील माणसांनी आणि सहप्रवाशांनी जखमींना चादरींत घालून, मिळेल त्या वाहनाने रुग्णालयांत पोहोचविले. ज्याच्या हाती जो लागला त्याला त्याने उचलले. ही एकवचनी आज्ञाच होती, कोणी न शिकविता पाळलेली. निवडीचे काम रुग्णालयाच्या दारात येऊन पडले.

महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची सेवा २०१४ मध्ये सुरू झाली ती ९३७ रुग्णवाहिकांनिशी. त्यांपैकी २३३ प्रगत आणि ७०४ मूलभूत जीवनरक्षक प्रकारच्या होत्या. या सेवेचे वैशिष्ट्य असे की, गाडीवर डॉक्टर असतो. अमेरिकी पद्धतीत जो निर्णय पॅरामेडिककडे आहे तो येथे डॉक्टरकडे आला. ही जमेची बाजू खरी. परंतु ज्याचे शिक्षण रुग्णालयात एका वेळी एका खाटेजवळ उभे राहून झाले त्याच्या अंगात पहिली आज्ञा अधिक खोल मुरलेली असणार, हेही ध्यानात घ्यावे लागते. द्रुतगती मार्गावर उलटलेल्या बसजवळ सर्वांत आधी पोहोचलेल्या गाडीतील डॉक्टरने प्रथम कोणालाही हात न लावता नियंत्रण कक्षाला जखमींचा अंदाज आणि आणखी किती गाड्या हव्यात ते कळवावे, ही अपेक्षा त्याच्या पेशाच्या संस्काराविरुद्ध जाते.

प्रशिक्षणातील सराव या विरोधाला सहसा वगळतो. फळ्यावर आधीच ‘सामूहिक अपघात : प्रात्यक्षिक’ असे लिहिलेले असते, मैदानात रंग फासलेले स्वयंसेवक आडवे असतात, आणि चिठ्ठ्यांचा गठ्ठा प्रशिक्षणार्थीच्या हातात सराव सुरू होण्यापूर्वीच दिलेला असतो. कोणती आज्ञा लागू आहे ते फळ्याने ठरविले. उरले ते तीस, दोन आणि करू शकतो. सूचना न देता दोन जखमींपासून प्रसंग सुरू करावा, झुडपामागून तिसरा, मग चौथा पुढे आणावा, आणि कितव्या जखमीला प्रशिक्षणार्थी छातीवरील हात काढून उभा राहतो हे पाहावे, अशा सरावाला गुण देणे परीक्षकाला अवघड जाईल. कितवा जखमी हे बरोबर उत्तर, ते त्याच्याही पुस्तकात दिलेले नाही.