शाळामंडळांचे कायदे व इंदुपूरकडील दप्तर : एक परीक्षण

जुन्या सनदेंत एखादा शब्द अधिक पडला कीं तिच्या खरेपणाविषयीं आपण शंका घेतों, आणि एखादा कमी असला तर तो कां गळला याचा शोध करितों. अलीकडील कायद्यांकडे मात्र ही दृष्टि आपण लावीत नाहीं. कायदा म्हणजे वकिलांचा माल, अशी समजूत संशोधकांतही रूढ आहे. प्राथमिक शाळांच्या स्थानिक मंडळांविषयीं जें मत वारंवार सांगितलें जातें तें या अनास्थेचेंच फळ होय. तें मत असें : १९२३ सालीं मंडळांस अधिकार मिळाले; त्यांनीं ते पक्षभेदांत व शिक्षकांच्या बदल्यांत उधळले; म्हणून १९३८ सालीं सरकारनें ते काढून घेतले. कायद्यांचे शब्द एकापुढें एक ठेवून वाचले असतां हें कथन आम्हांस अर्धेंच खरें दिसतें.

वाचनास आधार म्हणून आम्ही पुणें जिल्ह्याचा पूर्वेकडील भाग, म्हणजे इंदापूर (जुन्या कागदांतील इंदुपूर) तालुका व त्यांतील वालचंदनगर, हा घेतला आहे. निवड सहेतुक आहे. मुंबई इलाख्यांतील रयतवारी पाहणीचा आरंभ गोल्डस्मिड व विंगेट यांनीं १८३५-३६ च्या सुमारास याच तालुक्यांत केला, आणि तीस वर्षांची मुदत सरल्यावर पहिली फेरपाहणीही १८६७ सालीं येथेंच झाली. आतां शाळेच्या प्रश्नाशीं धाऱ्याचा संबंध काय, असें कोणी विचारील. संबंध निकटचा आहे. १८६० नंतरच्या दशकांत धाऱ्याच्या दर रुपयामागें एक आणा लोकल फंडाची पट्टी बसली व तिचा एक तृतीयांश शाळांकडे जाऊं लागला. म्हणजे खेड्यांतील शाळेचें मूळ उत्पन्न जमिनीच्या प्रतीवर ठरलें. चार पाऊस चुकले कीं धारा तहकूब, आणि धारा तहकूब कीं पट्टीही अडली. पंतोजीचें वेतन आणेवारीस बांधलें गेलें, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

ही पट्टी कुणब्यानें भरावी आणि तिचा लाभ वरच्या वर्गांच्या शिक्षणास व्हावा, या विपरीत व्यवहारावर जोतीराव फुले यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढील निवेदनांत बोट ठेविलें होतें. १८८४ च्या लोकल बोर्ड कायद्यानें शाळा बोर्डांच्या पदरीं घातल्या, तरी अभ्यासक्रम, परीक्षा व तपासणी विद्याखात्याकडेच राहिलीं. गोखले यांनीं १९११ च्या मार्चांत वरिष्ठ कायदेमंडळांत मांडलेलें विधेयक पुढील वर्षीं १३ विरुद्ध ३८ मतांनीं फेटाळलें गेलें. १९१८ चा विठ्ठलभाई पटेल यांचा कायदा म्युनिसिपालिट्यांपुरता होता. खेड्यास त्याचा उपयोग नव्हता. त्याच सुमारास शेजारच्या करवीर संस्थानांत शाहू छत्रपतींनीं १९१७ पासून सक्तीचें व मोफत शिक्षण सुरू केलें होतें, आणि बडोद्यास तर तें १९०६ पासूनच सर्व राज्यांत लागू होतें. खालशांत मात्र वाद चालला होता तो परवानगीचा.

आतां मुख्य लेखाकडे वळूं. १९२३ चा चौथा कायदा डॉ. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे शिक्षणमंत्री असतांना झाला. त्याच्या हेतूविषयीं आम्हांस आदरच आहे. या कायद्यानें जिल्हा लोकल बोर्डें व मोठ्या म्युनिसिपालिट्या यांस आपआपलें शाळामंडळ निवडण्याचा अधिकार दिला, आणि शाळा उघडणें, शिक्षक नेमणें, त्यांची बदली करणें, अंदाजपत्रक करणें हीं कामें त्याच्याकडे सोंपविलीं. परंतु सक्तीच्या कलमांशीं आलें म्हणजे भाषा बदलते. सक्ती करावी किंवा नाहीं याचा ठराव स्थानिक संस्थेनें करावयाचा, योजना तिनें आखावयाची, आणि मंजुरी सरकारनें द्यावयाची. मंजूर योजनेच्या वाढत्या आवर्ती खर्चापैकीं जिल्हा बोर्डास दोन तृतीयांश व म्युनिसिपालिटीस निम्मा भाग सरकार देणार. उरलेला भाग कोठून यावा? त्याच पट्टीतून. पुढें १९३० नंतरच्या मंदींत सरकारचाच हात आखडला, तेव्हां मंजुरीस्तव गेलेल्या योजनांची गत काय झाली असेल हें सांगावयास नको.

वतनाच्या कागदांशीं ज्यांचा परिचय आहे त्यांस यांतील दोष तत्काळ दिसेल. पाटिलकीच्या वा कुळकर्णाच्या कागदांत हक्क, मानपान व चाकरी हीं एकत्र असतात. चाकरी चुकली तर हक्क धोक्यांत येतो. १९२३ च्या कायद्यांत हक्काचीं कलमें स्पष्ट आहेत, चाकरी मात्र ऐपतीवर व ठरावावर सोडली आहे. ज्यास नेमणुकीचा अधिकार पुरा आहे आणि मुलें शाळेंत आणण्याची बांधिलकी अपुरी आहे, तें मंडळ नेमणुकींतच रमणार. सभासदांचे दोष आम्ही झांकूं इच्छीत नाहीं. बदल्यांच्या तक्रारी खऱ्या होत्या. पण त्या दोषाचें बीज लेखांतच आहे, व टीकाकारांनीं तें पाहिलें नाहीं.

बाळ गंगाधर खेर यांच्या पहिल्या मंत्रिमंडळाच्या काळांत, १९३८ च्या दुरुस्तीनें, शाळामंडळाचा प्रशासकीय अधिकारी सरकारी नोकर झाला. १९४७ च्या एकसष्टाव्या कायद्यानें तीच दिशा पुढें नेली. शिक्षकांच्या निवडीस स्वतंत्र निवडसमिती आली. या कायद्याच्या प्रस्तावनेंत सार्वत्रिक, मोफत व सक्तीचें शिक्षण क्रमाक्रमानें गांठावयाचें हें सरकारचें धोरण म्हणून नमूद आहे. धोरण हा शब्द येथें तोलून पाहावा. धोरण चुकल्यास फिर्याद कोणीं व कोणावर करावी? शिक्षा होती ती पालकास : मूल शाळेंत न पाठविल्यास त्यास दंड, मात्र ठराविक अंतराच्या आंत मान्य शाळा नसेल तर त्याची सुटका. शाळा न उघडणाऱ्या मंडळास दंड नाहीं, आणि शाळा न उघडल्यानें पालक आपोआप निर्दोष! कायद्यानें मंडळाच्या आळसाची सोयच करून ठेविली होती, असें आमचें स्पष्ट मत आहे.

वालचंदनगराचें उदाहरण या संदर्भांत बोधक आहे. नीरेच्या डाव्या कालव्याच्या पाण्यावर, कळंबच्या शिवारांत, शेठ वालचंद हिराचंद (१८८२–१९५३) यांनीं उसाचे मळे लाविले, आणि १९३० नंतरच्या दशकांत तेथें साखरेचा कारखाना उभा राहिला. माळावर एकाएकीं एक शहर वसलें. पण त्यास म्युनिसिपालिटी नव्हती, म्हणून कायद्याच्या दृष्टीनें तें जिल्हा शाळामंडळाच्या हद्दींतील एक खेडेंच. कारखान्याच्या गांवीं माणसें वाढत, मुलें वाढत, साखरेवरील अबकारी व प्राप्तीवरील कर वाढत असे. मात्र हे कर वरच्या तिजोरींत जात, आणि शाळेची पट्टी प्रामुख्यानें धाऱ्याच्या मापानेंच वाढे. अशा ठिकाणीं मंडळाचें कर्तव्य मोठें व उत्पन्न तोकडें राहणें अपरिहार्यच होतें. चाळी व घरें जेथें मालकाचीं, तेथें शाळेची जागाही त्याच्या मर्जीवर येते. कायद्यांत खाजगी शाळेस मान्यता देण्याचें कलम होतें, त्याचा खरा अर्थ अशा वसाहतींतच उलगडतो. १९६१ च्या जमीनधारणेच्या कमाल मर्यादेच्या कायद्यानें कारखान्यांचे मळे सरकारकडे व पुढें शेती महामंडळाकडे गेले. मालक बदलला, मळ्यावरील मूल तेंच राहिलें.

१ मे १९६२ रोजीं जिल्हा परिषदा अस्तित्वांत आल्या व जिल्हा शाळामंडळांचें काम त्यांच्या शिक्षणसमितीकडे गेलें. त्यापुढील काळावर विस्तार करीत नाहीं. केवळ २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचें नववें कलम मात्र वाचकांनीं १९२३ च्या कलमांशेजारीं ठेवून पाहावें. त्यांत स्थानिक प्राधिकरणाचीं कर्तव्यें आज्ञार्थी आहेत : जवळची शाळा उपलब्ध करणें, हद्दींतील चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांची नोंद ठेवणें, आणि स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांस प्रवेश मिळेल अशी तजवीज करणें. महाराष्ट्राच्या २०११ च्या नियमांनीं पांचवीपर्यंत एक व आठवीपर्यंत तीन किलोमीटर हें अंतर ठरविलें. पालकाचें कर्तव्य दहाव्या कलमांत आहे, परंतु दंडाचें वचन तेथें नाहीं. सुमारें नव्वद वर्षांनीं चाकरीचें कलम सनदेंत आलें. बीड, अहिल्यानगर इकडून हंगामास येणाऱ्या ऊसतोड कुटुंबांचीं मुलें दिवाळीनंतर आपलें गांव सोडतात व उन्हाळ्यांत परततात. त्यांची नोंद कोणत्या हद्दींत धरावी हा वाद कारखान्याच्या मुलुखांत आजही पडतो, आणि तो धाऱ्याच्या मापानें सुटत नाहीं.

आमच्या वाचकांचा यांत काय अधिकार, याविषयीं दोन शब्द. कायद्याच्या शब्दाची परीक्षा शाळेच्या दप्तरावांचून होत नाहीं. दाखल-खारीज रजिस्टर, हजेरीपट, तपासनिसाचें शेरेबूक, मंडळाचीं ठरावबुकें हीं त्याचीं साधनें. यांतील जुन्या भागांत मोडी बरीच आढळते. २०२३ सालीं कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हां शाळांतील नोंदींसही एकाएकीं महत्त्व आलें व मोडी वाचणारांस बोलावणीं गेलीं. तोंपर्यंत हे कागद माळ्यावर पडून होते. परंतु शोध झाला तो एका रकान्याचा. शाळा सोडल्याचें कारण, घरापासूनचें अंतर, पालकाचा धंदा, मूल मध्येंच किती महिने गैरहजर होतें, हे रकाने कोणी उतरून घेतले नाहींत. आणि मंडळानें कर्तव्य केलें कीं नाहीं याचा पुरावा त्यांतच आहे. हयात व्यक्तींचीं नांवें छापण्याचें कारण नाहीं, संख्या व सालें पुरतात.

ज्यांच्या गांवीं १९६२ पूर्वीचें शाळादप्तर शिल्लक असेल त्यांनीं, मुख्याध्यापकांची लेखी परवानगी घेऊन, प्रथम प्रत्येक बुकाचें नांव, पहिलें व शेवटचें साल, पानें व गहाळ पानें यांची यादी करावी. कळंब, लासुर्णें, अंथुर्णें या आसपासच्या गांवांपासून आरंभ केल्यास कालव्याच्या पाण्याखालील व जिराईत खेड्यांची तुलना एकाच तालुक्यांत साधेल. बुकें हलवूं नयेत; छायाचित्रें घ्यावींत, आणि वाळवी लागलेलें बुक आधीं घ्यावें.