अव्यक्त अवस्था आणि व्याकरणाच्या कोटी

१९१३ साली रशियन गणिती आंद्रेई मार्कोव्ह यांनी पुश्किनच्या ‘येवगेनी ओनेगिन’ या पद्य-कादंबरीतील पहिली २०,००० अक्षरे मोजली. स्वरानंतर पुन्हा स्वर येण्याची संभाव्यता ०.१२८ आणि व्यंजनानंतर स्वर येण्याची ०.६६३, असे त्यांना आढळून आले. स्वर कोणते व व्यंजने कोणती हे या गणनेपूर्वीच ठरलेले होते. रशियन लिपीतील कठोर व मृदू ही दोन चिन्हे तर मोजणीतून वगळलेलीच होती. भाषाविषयक निर्णय आधी आणि गणित नंतर, असा हा क्रम होता.

लेनर्ड बाउम व त्यांचे सहकारी यांनी १९६६ पासून विकसित केलेल्या प्रतिमानात हा क्रम उलटतो. येथे अवस्था अव्यक्त असतात. व्यक्त असतात ती केवळ त्यांतून प्रकटणारी चिन्हे. अवस्थांची संख्या तेवढी आपण सांगावयाची. एका अवस्थेतून दुसरीत जाण्याच्या व प्रत्येक अवस्थेत अमुक चिन्ह प्रकटण्याच्या संभाव्यता यंत्र पुनःपुन्हा सुधारीत जाते, आणि हाती असलेला मजकूर अधिकाधिक संभाव्य ठरवू पाहते. वाणी-अभिज्ञानाच्या क्षेत्रात या पद्धतीने केलेली कामगिरी निर्विवाद आहे. आक्षेप आहे तो तिच्या फलितांना आपण देत असलेल्या नावांविषयी.

दोनच अवस्था देऊन इंग्रजी मजकूर या प्रतिमानाच्या स्वाधीन केला असता एका अवस्थेत स्वर आणि दुसरीत व्यंजने गोळा होतात. यंत्राने स्वर शोधून काढला, असे म्हणण्याचा मोह येथे होतो. परंतु ब्राउन विद्यापीठाच्या संग्रहातील ५०,००० चिन्हांवर केलेल्या अशा प्रयोगात दोन शब्दांमधील मोकळी जागाही स्वरांच्याच पंक्तीस बसली. मोकळी जागा हा ध्वनी नव्हे. तेव्हा यंत्रास सापडला तो शेजारसंबंधांवर आधारलेला एक वर्ग. त्यास ‘स्वर’ ही संज्ञा आपण दिली.

शब्दजातींच्या बाबतीतही हेच दिसते. बर्नार मेरिआल्दो यांनी १९९४ साली दाखविले की, हाताने शब्दजाती नोंदलेल्या पुरेशा मजकुरावर सिद्ध केलेले प्रतिमान पुढे नोंदी नसलेल्या मजकुरावर शिकवीत गेल्यास मजकुराची संभाव्यता वाढते, परंतु शब्दजाती ओळखण्यातील अचूकता घटते. दोन्हींचे साध्य एकच असते तर असे घडते ना.

मराठीच्या अभ्यासकास हा प्रश्न अधिकच जवळचा आहे. ‘करवत’ या शब्दात चार अक्षरे असून स्वरचिन्ह एकही नाही. उच्चारात मात्र ‘क’ व ‘व’ यांतील ‘अ’ ऐकू येतो. ‘र’ व ‘त’ यांतील लोप पावतो. लिपी याविषयी मौन पाळते. देवनागरी चिन्हांवर हाच प्रयोग केल्यास फार तर मात्रांचा वर्ग हाती येईल; व्यंजनात गृहीत धरलेला ‘अ’ त्यात येणार नाही, कारण यंत्रापुढे तो चिन्हरूपाने ठेवलेलाच नाही.

म्हणून अव्यक्त अवस्थेस व्याकरणाची कोटी म्हणण्यापूर्वी संशोधकाने दोन गोष्टी स्पष्ट केल्या पाहिजेत : कोणती चिन्हे यंत्रापुढे ठेवली, आणि हाती आलेला वर्ग कोणत्या स्वतंत्र भाषिक पुराव्याने पडताळला. ज्या प्रबंधात ही दोन उत्तरे नाहीत, त्यात संभाव्यता कितीही सूक्ष्म दिलेली असली तरी भाषेविषयीचे विधान सिद्ध झाले, असे मानता येणार नाही.