पहिली तबकडी आणि ‘शीळ’

गेल्या सुगीच्या दिवसांत माझा एक विद्यार्थी आपला पहिला गीतसंच मला ऐकवावयास घेऊन आला. गाणी सहा, शब्द त्याचे, चाली त्याच्या, वाद्ये संगणकातली. आवाज खरोखर गोड आहे. परंतु सहा गाणी संपली तरी त्यांतली एकही ओळ माझ्या ध्यानी राहिली नाही. तसे सांगताच तो म्हणाला, “सर, पॉप गाण्यात शब्द कोण ऐकतं?” या प्रश्नाचे उत्तर म्हणून मी त्याला नव्वदांहून अधिक वर्षांपूर्वीचे एक ‘पॉप’ गाणे ऐकविले: जी. एन. जोशी यांनी गाइलेले ‘रानारानात गेली बाई शीळ’.

1932 च्या सुमारास हे गाणे तबकडीवर आले. जोशींच्या अगदी आरंभीच्या ध्वनिमुद्रिकांपैकी ही एक. गायकाचे वय तेव्हा बावीस-तेवीस. कवी ना. घ. देशपांडे हेही जोशींप्रमाणेच 1909 सालचे, राहणार मेहकर. आमच्या हिंगोलीहून सेनगाव-रिसोडच्या वाटेने मेहकर फारसे दूर नाही. मात्र त्या काळी ते इंग्रजी अमलाखालच्या वऱ्हाडात आणि आम्ही 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात. सरहद्द राज्याची होती, बोलीची नव्हती. त्या कवितेतली मुलगी जे बोलते ते आमच्या शिवारातल्या बाईस समजावून द्यावे लागत नाही.

प्रियकराची शीळ रानभर घुमते आहे. त्याला वेळकाळाचे भान नाही म्हणून ती त्याला रागे भरते, आणि स्वतः मात्र सुगीचे काम टाकून धावते. एवढाच विषय! परंतु तो थोर घरचा आहे, आणि ‘शीळ’ या शब्दाच्या जोडीला कवीने ‘कुळशीळ’ हा शब्द आणून बसविला आहे. एका यमकात शिट्टी आणि घराण्याची अब्रू यांची गाठ पडते. वयाच्या विशीत हे सुचणे सोपे नव्हे.

आता गायकाकडे वळू. हे बोल स्त्रीचे, गळा पुरुषाचा. महाराष्ट्राला यात नवल वाटण्याचे कारण नव्हते. बालगंधर्व तेव्हा रंगभूमीवर होतेच. पण तेथे शालू होता, अभिनय होता, ‘वन्स मोअर’ होता. तबकडीपाशी यांतले काहीच नाही. एका बाजूस सुमारे तीन मिनिटे, तेवढ्यात काय सांगावयाचे ते सांगून मोकळे व्हावे लागे. शिवाय 1925 नंतर विजेचे ध्वनिमुद्रण आल्याने शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकण्याची गरजही उरली नव्हती. जोशींनी या दोन्ही गोष्टींचा अर्थ ओळखला. त्यांनी स्त्रीच्या आवाजाची नक्कल केली नाही आणि गळ्याची तयारी दाखविण्याच्या भरात कविताही बुडविली नाही. शिकलेल्या गळ्याने इतके थोडे गाणे हा संयम आहे, आणि पहिल्या पावलाला तो फार क्वचित आढळतो. पुढे ज्याला भावगीत म्हणू लागले त्याचे मूळ मला या संयमात दिसते.

तथापि या गाण्याविषयी माझी एक तक्रार आहे. चाल फार लाघवी आहे. मुलीच्या बोलण्यातला लटका राग तीत उतरतो, पण त्याखालची धास्ती उतरत नाही. शीळ आपल्याप्रमाणेच साऱ्या रानाला ऐकू जाते हे तिला ठाऊक आहे. चालीला ते ठाऊक नसावे. पुढच्या कित्येक भावगीतांत जो एकसारखा गोडवा साचला, त्याचा पहिला थेंब येथेच पडला असे मला वाटते. गोड चालीने कवितेचा काटा काढून घेतला की उरते ती नुसती करमणूक.

आणखी एक गोष्ट. गाणे घरोघर गेले. ‘शीळ’ हा देशपांड्यांचा संग्रह मात्र 1954 साली निघाला. म्हणजे वीसहून अधिक वर्षे ही कविता पुस्तकावाचून, पराया गळ्यावर जगली. नामदेवांच्या नरसीच्या मुलखात राहणाऱ्या मला यात गैर काही वाटत नाही. अभंग तरी आधी कोठे छापले होते? पण मेहकरात वकिली करणाऱ्या त्या कवीला काय वाटत असेल, हा विचार मनात येतोच.

विद्यार्थ्याने गाणे दोनदा ऐकले. तिसऱ्यांदा लावण्यापूर्वी त्याने विचारले, “सर, हे लिहिलंय कुणी?” मी कपाटातून ‘शीळ’ काढून दिले. ते अद्याप त्याच्याकडेच आहे.