युवा-मार्गदर्शन आणि स्थलांतराचे वर्ष : जव्हार-मोखाड्याच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रास्ताविक

'मेंटॉर' हा शब्द महाराष्ट्रातील महाविद्यालयांच्या व्यवहारात आता पुरता रुळला आहे. तत्पूर्वी हाच विचार अनेक ठिकाणी 'दत्तक पालक योजना' या नावाने राबविला जात असे. राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषदेने २०१७ च्या सुधारित चौकटीत विद्यार्थी व मार्गदर्शक यांचे गुणोत्तर विचारले. २०१९ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 'दीक्षारंभ' या मार्गदर्शिकेने नवागतांचे लहान गट करून प्रत्येक गटास एक अध्यापक जोडून देण्याची कल्पना मांडली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तर खुद्द अध्यापकांसाठीही राष्ट्रीय मार्गदर्शन अभियानाचा संकल्प जाहीर केला. मार्गदर्शनाची आवश्यकता आता कोणी नाकारीत नाही.

अडचण निराळी आहे. गुणोत्तर हा एक भागाकार आहे. विद्यार्थिसंख्येस अध्यापकसंख्येने भागले की तो हाती येतो, आणि त्यासाठी कोणी कोणास भेटण्याची गरज पडत नाही. गटांच्या याद्या, बैठकांची इतिवृत्ते, स्वाक्षऱ्यांची नोंदवही हे सर्व व्यवस्थित असूनही मार्गदर्शन घडलेले नसणे शक्य आहे. युवा-मार्गदर्शन कार्यक्रमाचा कस त्याच्या प्रारंभावर लागत नाही. नाते खंडित होण्याची वेळ येते तेव्हा कार्यक्रम काय करतो, यावर तो लागतो, अशी या लेखाची भूमिका आहे. पालघर जिल्ह्यातील जव्हार व मोखाडा हे तालुके ही भूमिका तपासण्यास विशेष उपयुक्त आहेत. कारण येथे खंड हा अपवाद नसून दरवर्षीचा नियम आहे.

जव्हार-मोखाड्याचे वर्ष

२०११ च्या जनगणनेनुसार जव्हार तालुक्याची लोकसंख्या सुमारे १ लाख ४० हजार व मोखाड्याची सुमारे ८३ हजार होती. दोन्ही तालुक्यांत अनुसूचित जमातींचे प्रमाण नव्वद टक्क्यांहून अधिक आहे. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर व कातकरी या येथील प्रमुख जमाती. डोंगरउतारावर भात, नाचणी व वरई ही पावसाळी पिके निघतात. सिंचन अपुरे असल्याने दुसरे पीक बहुतेकांना साधत नाही. दिवाळी झाली की कुटुंबेच्या कुटुंबे भिवंडी, वसई, ठाणे या पट्ट्यांतील वीटभट्ट्यांवर व बांधकामांवर जातात. शिमग्याला काही परततात, काही पुन्हा जातात, आणि पावसाच्या तोंडावर सारे गावी असतात.

महाविद्यालयीन वर्षही पावसाबरोबरच सुरू होते. पण ते मध्येच ओलांडावयाचे असते आणि नेमक्या त्याच काळात विद्यार्थ्याचे घर गावात नसते. जून-जुलैत गट पडतात, ओळखपरेड होते, पहिली-दुसरी बैठक होते, पहिल्या सत्राची परीक्षा होते. नंतर दिवाळीची सुटी लागते. सुटीनंतर नोंदवहीत काही नावांपुढे 'अनुपस्थित' असा शेरा पडू लागतो. त्या शेऱ्याचा अर्थ प्रत्येकी वेगळा असू शकतो. एक मुलगा आईवडिलांबरोबर भट्टीवर गेलेला असतो. एक मुलगी मागे राहिलेल्या धाकट्या भावंडांना व म्हातारीला सांभाळत पाड्यावर थांबलेली असते. तिसऱ्याला वसतिगृहात जागा मिळालेली नसते आणि रोजचे एसटीचे वेळापत्रक तासिकांशी जुळत नसते. नोंदवहीला हा भेद कळत नाही. मार्गदर्शकाला तो कळला पाहिजे. त्याची नेमणूकच त्यासाठी आहे.

येथे आणखी एक ऐतिहासिक संदर्भ ध्यानी घेणे अगत्याचे आहे. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी परिसरात झालेल्या बालमृत्यूंनी शासनाचे व समाजाचे लक्ष या भागाकडे वेधले. त्यानंतर येथे योजना आल्या, संस्था आल्या, पाहणी करणारी पथके आली. काही टिकली, पुष्कळशी अनुदानाच्या मुदतीबरोबर निघून गेली. २०१६ मध्ये मोखाड्यातील कुपोषणाची वार्ता पुन्हा राज्यभर गाजली, तेव्हा हेच चक्र पुन्हा फिरले. तेव्हा या तालुक्यांतील तरुणाला कोणी मदतीला येतो याचे नवल नसते. येणारा किती दिवस राहणार, हे तो मनातल्या मनात जोखीत असतो. मार्गदर्शनाच्या कोणत्याही नव्या कार्यक्रमाला हा वारसा मिळतोच.

संशोधनाचा दाखला

परदेशी संशोधन येथे जसेच्या तसे लागू पडत नाही, हे खरे. तथापि त्यातील एक निष्कर्ष दुर्लक्षिण्याजोगा नाही. अमेरिकेतील 'बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स' या संस्थेच्या कार्यक्रमाचा १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सर्वश्रुत आहे. ९५९ मुलामुलींचा १८ महिने पाठपुरावा करून व्यसनांची सुरुवात, शाळेतील गैरहजेरी इत्यादी बाबतींत त्याने अनुकूल फरक नोंदविला. त्यावरून मार्गदर्शन म्हणजे हमखास गुण देणारे औषध असा समज पसरला. २००२ मध्ये डुबॉइस व सहकाऱ्यांनी ५५ मूल्यमापनांचा एकत्र विचार केला, तेव्हा सरासरी परिणाम माफकच असल्याचे दिसले. मार्गदर्शकांना सतत प्रशिक्षण, भेटींबाबत स्पष्ट अपेक्षा, पालकांचा सहभाग व देखरेख जेथे होती, तेथे तो अधिक होता.

त्याच वर्षी ग्रॉसमन व ऱ्होड्स यांनी १९९५ च्या अभ्यासातीलच सामग्री कालावधीच्या दृष्टीने पुन्हा तपासली. एक वर्ष वा अधिक टिकलेल्या नात्यांत लाभ सर्वाधिक होता. परंतु तीन महिन्यांच्या आत तुटलेल्या नात्यांत मुलांच्या आत्मसन्मानात घट आढळली. दुसऱ्या शब्दांत, अर्धवट सोडलेले मार्गदर्शन निरुपद्रवी नसते. ज्याच्या वाट्याला आधीच सोडून जाणारी माणसे आली आहेत, त्याच्या अनुभवात ते आणखी एकाची भर घालते.

या निष्कर्षाच्या उजेडात जव्हार-मोखाड्याचे वर्ष पाहिले तर चित्र अस्वस्थ करणारे आहे. जुलैत जुळलेले नाते नोव्हेंबरात तुटले तर ते जेमतेम चार महिन्यांचे असते. म्हणजे कार्यक्रमाची रचनाच अशी आहे की, ज्या विद्यार्थ्याला त्याची सर्वाधिक गरज आहे, त्याच्या बाबतीत तो लाभाच्या मर्यादेपर्यंत पोहोचतच नाही. अमेरिकेतील 'मेंटॉर' या संस्थेने परिणामकारक मार्गदर्शनाची मानके सिद्ध केली असून त्यांची चौथी आवृत्ती २०१५ मध्ये निघाली. निवड, पारख, प्रशिक्षण, जुळणी, देखरेख व आधार, आणि समाप्ती अशी ती सहा मानके आहेत. आपल्याकडील बहुतेक परिपत्रकांत पहिली चार कोणत्या ना कोणत्या रूपाने येतात. पाचवे क्वचित येते. सहाव्याचा, म्हणजे नाते कसे थांबवावे याचा, उच्चारही आढळत नाही.

पारख या मानकाबाबतही एक खुलासा आवश्यक आहे. आश्रमशाळा व वसतिगृहांतून आलेल्या मुलींच्या संदर्भात मार्गदर्शकाची पूर्वपारख, भेटीची जागा व तक्रारीची सोय हे प्रश्न नाजूक मानून टाळले जातात. सदिच्छा हा पारखीचा पर्याय होऊ शकत नाही. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा २०१२ चा कायदा अठरा वर्षांखालील प्रत्येकास लागू आहे, आणि कनिष्ठ महाविद्यालयातील जवळजवळ सर्व विद्यार्थी त्या वयोगटात मोडतात.

मार्गदर्शकाने काय शिकावे

मार्गदर्शकांच्या प्रशिक्षणाचे सामान्य स्वरूप एकदिवसीय कार्यशाळेचे असते. संवादकौशल्य, व्यक्तिमत्त्व विकास, ताणतणाव व्यवस्थापन हे तिचे ठरलेले विषय. ते निरर्थक आहेत असे नव्हे. परंतु जव्हारच्या प्रथम वर्षातील विद्यार्थ्याला अडवणाऱ्या गोष्टींची यादी केली तर त्यांत ते फार खाली येतील. महाडीबीटीवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज का परत आला? आधार व बँक खाते जोडलेले आहे काय? वसतिगृहात प्रवेश न मिळाल्यास आदिवासी विकास विभागाच्या स्वयम् योजनेचा लाभ कोणास व कसा मिळतो? जात वैधता प्रमाणपत्रासाठी आजोबा-पणजोबांच्या काळचा कोणता कागद लागेल, आणि घरात शाळेची पायरी चढलेले पूर्वी कोणीच नसेल तर तो आणावयाचा कोठून? व्यावसायिक अभ्यासक्रमाची मिळालेली जागा या एका कागदापायी हातची जाऊ शकते. ज्या मार्गदर्शकाला तपासणी समितीची कार्यपद्धती ठाऊक नाही, त्याच्या सहानुभूतीचा उपयोग मर्यादित राहतो. ही माहिती कोणत्याही मानसशास्त्रीय पुस्तकात नाही. एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाच्या जव्हार येथील कार्यालयात ती आहे. प्रशिक्षणाचा एक दिवस तेथे घालविण्यास हरकत नसावी.

दुसरा भाग भाषेचा. वारली वा कोकणा बोलणारा विद्यार्थी प्रमाण मराठीत विचारलेल्या प्रश्नाला पुष्कळदा एका शब्दात उत्तर देतो, आणि अध्यापक त्यास 'न्यूनगंड' असे नाव देऊन मोकळा होतो. न्यूनगंड कोणाच्या भाषेमुळे उत्पन्न झाला, हा प्रश्न तसाच राहतो. याच कारणाने अंतिम वर्षातील स्थानिक विद्यार्थी हा प्रथम वर्षासाठी अध्यापकाहून अधिक योग्य मार्गदर्शक ठरू शकतो. पण त्यालाही प्रशिक्षण व मागे उभा राहणारा अध्यापक हवा. अन्यथा ती केवळ कामाची वाटणी होते.

मार्गदर्शक कसा घडतो याचे जिल्ह्यातच एक मोठे उदाहरण आहे, आणि कार्यशाळांच्या वाङ्मयात त्याचा उल्लेख होऊ नये, याचे आश्चर्य वाटते. भावनगरला गिजुभाई बधेकांसमवेत काम करून ताराबाई मोडक घडल्या. १९४५ मध्ये बोरिवलीच्या ग्रामसेविका शिबिरात त्यांची व अनुताई वाघ यांची गाठ पडली, आणि अनुताई त्यांच्याबरोबर बोर्डीला गेल्या. पुढे हे काम डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर आले. १९७३ मध्ये ताराबाईंचे निधन होईपर्यंत, म्हणजे अठ्ठावीस वर्षे, या दोघींचे नाते टिकले. अनुताईंनी रमेश पानसे यांच्यासह १९८२ मध्ये ग्राममंगल स्थापन केले. ग्राममंगलमध्ये काम केलेल्या नीलेश निमकर यांनी २००७ मध्ये वाडा तालुक्यातील सोनाळे येथे 'क्वेस्ट' उभी केली. एकाच्या हाताखाली दुसरा तयार होण्याची ही अखंड परंपरा आहे. तिची खरी शिकवण मुलांच्या अनुपस्थितीविषयी आहे. मुले शाळेत येत नाहीत, असा शेरा मारून ताराबाई-अनुताई थांबल्या नाहीत. पाड्यावरच्या लहानग्यांसाठी शाळा अंगणात नेली, ती अंगणवाडी. गुरे राखणाऱ्यांसाठी ती रानात नेली, ती कुरणशाळा.

तथापि या परंपरेचे गौरवीकरणही सावधपणे करावे लागेल. साखळीतील ठळक नावे बाहेरून आलेल्या, सुशिक्षित मध्यमवर्गीय व्यक्तींची आहेत. स्थानिक आदिवासी तरुण तीत कार्यकर्ता व शिक्षक म्हणून आले, पण साखळीचे नाव त्यांच्यावरून पडले नाही. उलट, वारली समाजात लग्न लावणारी धवलेरी आपली गाणी व विधी जुन्या धवलेरीसोबत हिंडून शिकते, आणि मोखाड्याच्या बोहाड्यात सोंग नाचविणारा तरुण मुखवट्याचे ओझे पेलण्याची रीत घरातल्या वडीलधाऱ्याकडून घेतो. मार्गदर्शनाची कल्पना या डोंगरात परकी नाही. मात्र परिचारिका होऊ पाहणाऱ्या मुलीला धवलेरी वाट दाखवू शकत नाही. तेथे नवे माणूस लागते.

खंडाचे नियोजन

कुरणशाळेचा न्याय महाविद्यालयास लावावयाचा झाल्यास दिवाळीपूर्वीची भेट ही वर्षातील सर्वांत महत्त्वाची भेट ठरेल. त्या भेटीत विद्यार्थी कोठे जाणार, कोणत्या मुकादमाबरोबर, संपर्क कोणाच्या भ्रमणध्वनीवर होईल, परीक्षेचा अर्ज कोणत्या तारखेस भरावयाचा व शुल्क कोणाजवळ ठेवावयाचे, हे नोंदले जावे. घरी थांबणाऱ्या मुलीशी वेगळे बोलावे. शिमग्याला माणसे गावी येतात. पुढची भेट तेव्हा, आणि शक्यतो पाड्यावर. मार्गदर्शनाचे वर्ष पावसापासून पावसापर्यंत धरले तर बारा महिन्यांची अट पुरी होते, आणि मधला खंड हा तुटलेपणा न राहता ठरवून घेतलेला विराम होतो. यासाठी प्रवासखर्चाची तरतूद लागेल. नॅकच्या अहवालासाठी छापल्या जाणाऱ्या रंगीत पुस्तिकांहून ती बहुधा कमीच असेल.

या योजनेस एक अडथळा उरतो आणि तो विद्यार्थ्याच्या बाजूचा नाही. राज्यातील महाविद्यालयांत मोठ्या संख्येने अध्यापक तासिका तत्त्वावर काम करतात. त्यांची नेमणूक वर्षाच्या प्रारंभी होते व परीक्षांच्या सुमारास संपते. पुढील वर्षी तोच अध्यापक त्याच महाविद्यालयात असेल याची शाश्वती नसते. अनेकदा गटांची जबाबदारी नव्या व तरुण म्हणून त्यांच्याकडेच येते. विद्यार्थी दिवाळीनंतर जातो, मार्गदर्शक उन्हाळ्यात जातो. पावसाला परतलेल्या विद्यार्थ्याच्या नावापुढे दुसऱ्याच मार्गदर्शकाचे नाव लिहिलेले असते, आणि जुन्या नोंदी नव्याकडे सोपविण्याचा रकाना कोणत्याही नमुन्यात नसतो.