स्वस्त कुणासाठी? : ब्रायन वॉशिंग्टन यांचा ‘लॉट’ वाचताना

बॉस्टन सोडून ह्यूस्टनला यायचा निर्णय मी एका एक्सेल शीटवर घेतला. शीटमध्ये दोन रकाने होते. समरव्हिलमधल्या एका बेडरूमच्या जागेचं भाडं महिना २,३५० डॉलर, इथलं १,३००. मॅसॅच्युसेट्सचा राज्य आयकर ५ टक्के, टेक्ससचा शून्य. पगार मात्र दोन्हीकडे जवळजवळ तोच, कारण एनआयएचची पोस्टडॉकच्या स्टायपेंडची श्रेणी (२०२४ मध्ये पहिल्या वर्षाला ६१,००८ डॉलर) शहर बघून बदलत नाही. महागाईने पिचलेल्या पोस्टडॉकला याहून जास्त काय पटवून द्यायचं? “बर्फ नाही, भाडं निम्म्याच्या जवळ आणि हवा थेट मुंबईची,” असं मी आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, “मग तीन वर्षं तिथे कुडकुडत कशाला बसली होतीस?”

इथे आल्यावर लॅबमधल्या, याच शहरात वाढलेल्या एका सहकाऱ्याने विचारलं, कुठे राहतेस? ईस्ट एंड, मी म्हटलं. मोठं, स्वच्छ, नवं टाउनहाऊस आहे, दोघी मिळून घेतलंय. तो जरा थांबला आणि दुसऱ्या दिवशी एक पुस्तक माझ्या टेबलावर ठेवून गेला : ब्रायन वॉशिंग्टन यांचा ‘लॉट’ हा कथासंग्रह. २०१९ साली आलेलं हे त्यांचं पहिलं पुस्तक. पुढच्याच वर्षी त्याला डिलन थॉमस पारितोषिक मिळालं. अमेरिकेतल्या मराठी वाचकांमध्ये त्याच्याबद्दल फारसं बोललेलं माझ्या तरी कानावर आलेलं नाही, म्हणून हा लेख.

संग्रहात तेरा कथा आहेत आणि जवळजवळ प्रत्येकीचं नाव ह्यूस्टनमधल्या एखाद्या रस्त्यावरून किंवा वस्तीवरून घेतलंय : ‘लॉकवुड’, ‘एलीफ’, ‘नॅव्हिगेशन’, ‘एल्गिन’. साधारण निम्म्या कथा एकाच मुलाच्या तोंडून येतात. आई कृष्णवर्णीय, वडील लॅटिनो. ईस्ट एंडमध्ये त्यांचं छोटं खानावळवजा रेस्टॉरंट आहे. मुलगा तिथे भांडी घासतो, भाज्या चिरतो आणि आपल्याला मुलगे आवडतात हे हळूहळू स्वतःशी कबूल करतो. बाप दुसऱ्या बाईकडे जातो, भाऊ हावी सैन्यात जातो, बहीण जॅन लग्न करून बाहेर पडते आणि अखेर आईही शहर सोडते. मुलगा उरतो. त्याचं नावही आपल्याला शेवट जवळ येईपर्यंत कळत नाही. मधल्या कथांमध्ये शहरातली इतर माणसं भेटतात : कागदपत्रं नसलेला ग्वाटेमालाचा पोरगा, रस्त्यावर देह विकणारी मुलं, रात्रीतून नाहीशी होणारी शेजारची कुटुंबं.

‘लॉट’ म्हणजे आपण ज्याला प्लॉट म्हणतो ती जमीन. आणि ‘लॉट’ म्हणजे वाट्याला आलेलं, नशिबी आलेलं. मराठीत दोन्ही अर्थांना पुरेल असा एकच शब्द मला सापडला नाही, ‘वाटा’ त्यातल्या त्यात जवळचा. पण पहिल्या, जमिनीच्या अर्थाकडे समीक्षक चटकन पाहून पुढे जातात असं मला वाटतं, आणि या शहरात तोच अर्थ महत्त्वाचा आहे. १९९८ साली ह्यूस्टनने ६१० लूप या वर्तुळाकार महामार्गाच्या आत प्लॉटचं किमान क्षेत्रफळ काही अटींवर ५,००० चौरस फुटांवरून १,४०० वर आणलं. म्हणजे जिथे एक बैठं लाकडी घर होतं, तिथे तीन मजली तीन घरं मावू लागली. ह्यूस्टनमध्ये झोनिंगचा कायदा नाही. मतदारांनी तो १९४८, १९६२ आणि १९९३ असा तीन वेळा नाकारलाय. त्यामुळे ही तीन घरं पटकन उभी राहतात. शहर नियोजनाचे अभ्यासक या नियमाचं कौतुक करतात आणि ते चुकीचं नाही. बॉस्टनच्या आसपास घरं बांधणं इतकं अवघड करून ठेवलंय, की तिथलं भाडं माझ्यासारखीला परवडत नाही. ह्यूस्टनने बांधू दिलं, म्हणून मला जागा मिळाली.

वॉशिंग्टन हीच गोष्ट दुसऱ्या टोकाकडून सांगतात. त्यांच्या कथांतल्या माणसांना ह्यूस्टन स्वस्त वाटत नाही. ‘स्वस्त’ हा तुलनेचा शब्द आहे, तो बाहेरून आलेल्याच्या तोंडी शोभतो. जो इथेच जन्मला, त्याच्याकडे तुलनेला फक्त पाच वर्षांपूर्वीचं ह्यूस्टन असतं, आणि त्याच्या तुलनेत आजचं महागच असतं. टेक्ससमध्ये राज्याचा आयकर नाही, पण मालमत्ता कर चांगलाच जड आहे. शेजारी नवी टाउनहाऊसं आली की जुन्या घराचं मूल्यांकन वाढतं, कर वाढतो, घरमालकाची कमाई तेवढीच राहते. राहत्या घराच्या मूल्यांकनाला वर्षाला दहा टक्के वाढीची मर्यादा आहे. ती भाडेकरूच्या उपयोगाची नाही. हा सगळा हिशेब पुस्तकात आकड्यांनी येत नाही. आई जेवणाच्या टेबलापाशी कागद घेऊन बसते, गिऱ्हाईकं बदलत जातात, ओळखीची दारं बंद होतात, एवढ्यातूनच तो कळतो.

वाचताना मला सारखं जयंत पवारांचं ‘अधांतर’ आठवत होतं. तिथेही एक आई, तिची मोठी झालेली मुलं आणि पायाखालून सरकणारी गिरणगावची जमीन. पण फरक मोठा आहे. ‘अधांतर’मागे १९८२ चा संप आहे. मालक आहेत, युनियन आहे, बोट दाखवायला कुणीतरी आहे. ‘लॉट’मध्ये संप नाही, टाळेबंदी नाही, ज्या दिवशी सगळं संपलं असा दिवसही नाही. म्हणून या कथांमधला राग कुठेच पोहोचत नाही. तो घरातल्या घरात फिरतो, भावाच्या मुठीतून धाकट्यावर उतरतो. काही समीक्षकांना या कथा थंड वाटल्या असतील तर त्याचं कारण मला इथे दिसतं. संवादांना अवतरणचिन्हं नाहीत, वाक्यं तुटक आहेत, स्पॅनिश शब्द समजावून न सांगता येतात. हा तुटकपणा बहुतेक ठिकाणी खरा वाटतो, कारण ज्यांना तक्रार करायला कुणी नाही, ती माणसं अशीच बोलतात.

संग्रहातली सगळ्यात चांगली कथा माझ्या मते ‘एलीफ’. एका अपार्टमेंट संकुलातली विवाहित बाई एका गोऱ्या तरुणाच्या प्रेमात पडते आणि ही गोष्ट सांगतात शेजारी, ‘आम्ही’ म्हणून. चाळीच्या गॅलरीत उभं राहून बोलणारे हे आवाज आपल्याला परके नाहीत. त्यांना सगळं दिसतं, सगळ्याची मजा वाटते, आणि त्यांनी तोंड उघडल्यामुळे जे घडतं त्याची जबाबदारी कुणा एकाची राहत नाही. ‘आम्ही’ हे सर्वनाम किती सोयीचं असतं, हे इतक्या थोड्या पानांत क्वचितच कुणी दाखवलं असेल.

दोष आहेतच. सलग वाचल्यावर काही कथांचा सूर एकसारखा वाटू लागतो. कथा ऐन मोक्याला मान वळवते आणि संपते, आणि हे तीन-चारदा झालं की ती सवय वाटते. जॅन ही बहीण मला अर्धवट राहिलेली वाटली. तिच्या बाहेर पडण्याला तिची स्वतःची बाजू असणार, ती आपल्याला जेमतेम मिळते. पण माझी मोठी तक्रार वेगळी होती. या पुस्तकात नव्याने राहायला आलेल्यांना चेहरा नाही. वस्ती बदलतेय, पण ती बदलणारी माणसं रस्त्याच्या पलीकडची सावली म्हणून येतात. इतक्या नाना तऱ्हेच्या माणसांना जवळून पाहणाऱ्या लेखकाने ही माणसंही पाहायला हवी होती, असं मी वहीत लिहून ठेवलं. वर “अन्याय्य” असंही लिहिलं.

मग ऑक्टोबरमध्ये आमच्या शेजारचं बैठं घर पाडलं. तिथे एक म्हातारे गृहस्थ राहायचे. बेरिल वादळानंतर, जुलै २०२४ मध्ये, शहरात वीस लाखांहून जास्त ग्राहकांची वीज गेली होती. तेव्हा आमच्या तिन्ही मजल्यांवर अंधार आणि उकाडा होता. त्यांच्याकडे जनरेटर होता, आणि माझा फोन दोन दिवस त्यांच्या व्हरांड्यात चार्ज होत होता. मी त्यांना भारतातून आल्याचं सांगितलं, हवामानाबद्दल बोलले, चहा दिला. नाव विचारलं होतं; ते माझ्या नीट लक्षात राहिलं नाही. ते कुठे गेले हे मला माहीत नाही. घर पाडणाऱ्यांना माहीत नव्हतं, आणि विचारायला दुसरं कुणी ओळखीचं नव्हतं.

वहीतला “अन्याय्य” हा शब्द मी खोडला. त्या माणसाच्या बाजूने पाहिलं तर मीही सावलीच होते : वरच्या मजल्यावरची, दीड वर्ष राहिलेली, फोन चार्ज करायला आलेली. लेखकाने माझा चेहरा काढला नाही, कारण त्याच्या माणसांना तो दिसलाच नसता.

आपल्यापैकी पुष्कळ जण आता ही वाट धरतायत : बॉस्टन, न्यू जर्सी, सिअ‍ॅटल सोडून टेक्सस, नॉर्थ कॅरोलिना, फ्लोरिडा. त्यात गुन्हा काही नाही. मीही परत जाणार नाही. ते रकाने खोटे नव्हते. पण शीटमध्ये तिसरा रकाना हवा होता आणि तो कसा भरायचा हे मला ‘लॉट’ वाचेपर्यंत सुचलं नव्हतं. गेल्या आठवड्यात बॉस्टनच्या मैत्रिणीने विचारलं, “ह्यूस्टन खरंच स्वस्त आहे का गं?” भाड्याचा आकडा मी तिला सांगितला. तो शब्द मात्र वापरला नाही. पुस्तक पाठवतेय असं म्हटलं, आणि ‘एलीफ’पासून सुरुवात कर असंही.